सगळ्यांत शेवटी हलणारे नारखेडे सर

नारखेडे सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या काखेत केळीचा खांब होता. मी जळगावहून धुळ्याला चालले होते. देवपुरातल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राची अध्यापिका म्हणून दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचे होते. पिशवीत नेमणुकीचा आदेश होता आणि डोक्यात पहिल्या तासाची भीती. एसटी सुटता सुटता पांढरा सदरा घातलेले एक उंच गृहस्थ आत चढले आणि हातभर लांबीचा ओला, गळता खांब घेऊन नेमके माझ्या शेजारी बसले.

कंडक्टर धुळ्याकडचा असावा. त्याने विचारले, "हाऊ खांब कथा ली चालनात, सर?"

"कॉलेजात. पोरांना पाण्यात टाकून दाखवायचाय."

"केळीना खांब तरंगस, हाई दखाडाले कॉलेज लागस का?"

"तरंगतो हे सगळ्यांनाच माहीत आहे भो. किती तरंगतो ते सांग."

कंडक्टर तिकिटे फाडत पुढे गेला. मग सरांनी तोच प्रश्न मला विचारला. मी नुकतीच एम.एस्सी. झालेली. घनतेपासून सुरुवात केली. "घनता मागून येईल," ते म्हणाले. "कुठपर्यंत बुडेल ते बोट ठेवून दाखवा." मी बोट ठेवले. त्यांनी तिथे नखाने खूण केली आणि धुळे येईपर्यंत असोद्याच्या केळीबागांविषयी बोलत राहिले. असोदा हे त्यांचे गाव. दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर झाले, तर तेच गृहस्थ विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसलेले आणि प्रयोगशाळेच्या टाकीत खांब तरंगतो आहे. माझी खूण चुकली होती. किती चुकली होती, ते या गौरवग्रंथात छापून यावे अशी माझी इच्छा नाही.

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, म्हणून संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला. मला गहिवर लवकर येत नाही आणि कुणाची आरती ओवाळण्याचा सरावही नाही. मात्र ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. इतक्या जवळून माणसाचे गुण दिसतात तसे दोषही दिसतात. सरांचे दोष त्यांच्या कुटुंबीयांना चांगले ठाऊक आहेत, त्यामुळे मी ते पुन्हा सांगत नाही.

त्यांची शिकवण्याची पद्धत मात्र सांगायला हवी, कारण पुढे जे घडले ते त्या पद्धतीमुळेच घडले. गणित फळ्यावर लिहून झाले की सर मुलांना पेने खाली ठेवायला लावत. मग विचारत, "पातळी वाढेल, कमी होईल, की तेवढीच राहील?" वाढेल म्हणणाऱ्यांनी खिडकीकडे जायचे, कमी होईल म्हणणाऱ्यांनी दाराकडे, तेवढीच राहील म्हणणाऱ्यांनी मागच्या भिंतीला टेकायचे. बाकावर बसून राहायला कुणालाच परवानगी नसे. "आधी पाय, मग पेन," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. एखादा मुलगा दोन बाकांच्या मध्ये घुटमळत राहिला की सरांची प्रमाण मराठी गळून पडे आणि असोदा बाहेर येई. "अरे हालव नं पाय भो! काय उभ्या उभ्या झाड व्हतं का?"

शिक्षकानेही उभे राहायचे, हा त्याच नियमाचा भाग होता. पण सर सगळ्यांत शेवटी हलत. वर्ग पूर्ण स्थिर झाल्याशिवाय ते टेबलापासून पाऊलही उचलत नसत. त्यांनी आधी एक बाजू धरली असती तर मुले मेंढरांसारखी त्यांच्या मागे गेली असती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. शिवाय कधीमधी ते जाणूनबुजून चुकीच्या घोळक्यात जाऊन उभे राहत आणि फळ्यावर स्वतःलाच चूक ठरवत, म्हणजे मुलांना चुकण्याची भीती उरू नये. मग गणित सुटे. कमाल ही की ते सुटताना वर्गात कुणी जांभई देत नसे. ज्याने पाय रोवून एक बाजू धरली आहे, त्याला उत्तराशी देणेघेणे असते. मी इतर अनेकांचे तास पाहिले आहेत, माझे स्वतःचेही धरून. सूत्रापासून सुरू झालेल्या तासाला मुले उत्तर उतरवून घेतात आणि घरी जातात.

नावेतला दगड, पेल्यातला बर्फ, विहिरीत सोडलेला खडा, खांबाचा बुडालेला भाग ही सरांची लाडकी गणिते. ही प्रकरणे अभ्यासक्रमात नेमकी कोणत्या इयत्तेला आहेत, याची त्यांना फिकीर नसे. बारावीच्या वर्गातही सुरुवात टाकीतल्या पाण्यानेच व्हायची. त्याला वेळ लागे, आणि तिथेच माशी शिंकली.

धुळ्यात तेव्हा खाजगी शिकवण्यांचे पेव फुटले होते. तिथे दिवाळीपर्यंत सगळा अभ्यास उरकत असे आणि आमच्याकडे दिवाळीला पोरे भिंतींना टेकून उभी असत. पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. संस्थेचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी, सज्जन माणूस, पण त्यांना गोष्ट मोजता आली तरच कळे. त्यांनी प्राचार्यांना सांगितले की जूनपासून बारावी नारखेडे सरांकडून काढून नव्या मॅडमकडे द्यावी. नवी मॅडम म्हणजे मी. मला बारावी हवी होती. बारावीला शिकवणाऱ्या शिक्षकाचे नाव गावात होते आणि मला माझे नाव व्हायला हवे होते. यात लाज वाटण्यासारखे मला तेव्हा काही वाटले नाही, आजही वाटत नाही.

प्राचार्यांनी मधला मार्ग काढला. जळगावहून एका निवृत्त प्राचार्यांना बोलवायचे, त्यांनी सरांचा एक तास पाहायचा आणि मग ठरवायचे. सरांना हे कळले तेव्हा ते स्टाफरूममध्ये चहा पीत होते. कप बशीत ठेवून ते मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीही तासाला या. पुढे वर्ग तुमच्याकडे आला तर काय काय मोडायचं, ते नीट बघून ठेवा." टोमणा होता की आमंत्रण, हे मला आजतागायत उलगडलेले नाही. मला वाटते दोन्ही असावे. बारावी गेली असती तर सरांच्या हाती फक्त अकरावीची प्रात्यक्षिके उरली असती. ते बोलून दाखवत नव्हते, पण त्या आठवड्यात त्यांचा डबा रोज अर्धा परत जात होता.

तासाच्या दिवशी वर्गात अध्यक्ष आणि प्राचार्य मागच्या बाकावर बसले. जळगावहून आलेल्या पाहुण्यांना गुडघ्यांमुळे खुर्ची दिली. मी मुलांमध्येच होते, कारण सरांच्या वर्गात प्रेक्षक हा प्रकार नसे. सरांनी नाव आणि दगडाचे गणित घेतले. टाकीत नाव तरंगते आहे, नावेत दगड आहे, दगड उचलून पाण्यात टाकला तर टाकीची पातळी काय होईल? मुलांनी ते पूर्वी केलेले होते. सगळी दाराकडे गेली. सर शेवटी गेले. उत्तर बरोबर आले. दगड नावेत असतो तेव्हा आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारतो, तळाला गेला की फक्त आपल्या आकाराइतके. म्हणून पातळी उतरते. अध्यक्षांनी समाधानाने मान हलवली. मुले बाकांवर परतली.

मग पाहुणे खुर्चीतूनच म्हणाले, "सर, मी त्यात थोडा बदल करतो. दगड फेकायचा नाही. दोरीला बांधून नावेखाली पाण्यात सोडायचा. तळाला टेकू द्यायचा नाही, नुसता लोंबकळत ठेवायचा. आता पातळीचं काय?"

प्रश्न नवा होता. आणि मी कधी पाहिले नव्हते ते तेव्हा पाहिले. सर आधी हलले. ते टेबलापासून सरळ दाराकडे गेले आणि वळून उभे राहिले. त्यांच्यामागे वर्ग गेला. मीही गेले. दगड पाण्यात गेला, नाव हलकी झाली, पातळी उतरणार, एवढा विचार मला पुरेसा वाटला. ओळखीचे गणित असले की माणूस गाफील राहतो.

मागच्या भिंतीपाशी मात्र एक मुलगी एकटीच जाऊन उभी राहिली. तिचे नाव सुरेखा. नरडाण्याहून रोज एसटीने येणारी, शेतकऱ्याची मुलगी, वर्षभर जिकडे जास्त मुले तिकडे जाणारी. ती भिंतीला इतकी चिकटून उभी होती की मागे सरकायला जागा असती तर सरकली असती.

"काय गं, तेवढीच राहील?" सरांनी विचारले.

तिने मान डोलावली. कारण विचारल्यावर शहरातली मराठी तिच्या तोंडून फुटेना. मग ती घरच्या बोलीत म्हणाली, "सर, दगड आजून नावलेच टांगेल शे ना. नावनी सुटका कथी व्हयनी?"

कुणीतरी हसले. सर हसले नाहीत. ते फळ्याकडे गेले आणि एकही पायरी न गाळता गणित सोडवू लागले. दोरी ताणलेली आहे म्हणजे दगडाचा भार अजून नावेवर आहे, फक्त पाणी त्याला जेवढे वर उचलते तेवढा कमी. नाव तेवढीच हलकी होते आणि तेवढेच पाणी कमी सारते. पण जितके पाणी नावेने सोडले, तितकेच दगडाने सारले. नाव आणि दगड मिळून पूर्वी जेवढे वजन होते तेवढेच आताही तरंगते आहे. शेवटच्या ओळीत दोन्ही बाजू सारख्या आल्या. पातळी तेवढीच.

सरांनी खडू खाली ठेवला. टाकी टेबलावर होतीच. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा तिच्यात तरंगत होता. त्यांनी काचेवर पाण्याच्या रेषेला कागदाची पट्टी चिकटवली, डब्यातल्या दगडाला सुतळी बांधली, तिचे दुसरे टोक डब्याच्या काठाला अडकवले आणि दगड डब्याखाली सोडला. डबा किंचित कलला, पाणी हेलकावले आणि पट्टीपाशीच थांबले. मग त्यांनी सुतळी कापली. दगड तळाला गेला आणि पाणी पट्टीच्या खाली उतरले.

त्यानंतर ते वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दाराकडून भिंतीकडे, बाकांच्या मधून चालत गेले आणि सुरेखाच्या शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. घंटा होईपर्यंत दोघे तिथेच होते. अध्यक्षांना काय करावे ते कळेना. मला मात्र तेव्हा भरून आले होते, आणि मला गहिवर येत नाही असे वर लिहिले आहे ते एवढा प्रसंग वगळून वाचावे.

प्राचार्यांच्या खोलीत अध्यक्षांनी विषय काढला. "माणूस चांगला आहे हो, पण त्यांचंच गणित चुकलं. तेही पाहुण्यांच्या देखत. पोरांनी कुणाकडे बघायचं?" त्यांच्या मते निर्णय झालेला होता. सर खिडकीबाहेर बघत होते.

पाहुणे माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही कुठे उभ्या होता?"

मी म्हणाले, "दाराकडे."

"मग अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "सर चुकले म्हणून वर्ग काढून घ्यायचा, आणि मॅडमही तिथेच चुकल्या. तुम्हाला तिसराच शिक्षक शोधावा लागेल. नाहीतर त्या पोरीलाच नेमा." आणि थोडे थांबून म्हणाले, "हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मीही दाराकडेच गेलो असतो. पण आमच्या वर्गात उभं राहायची सोय नव्हती, त्यामुळे कुणाला कळलं नाही."

अध्यक्ष मोठ्याने हसले आणि त्यांनी चहा सांगितला. बारावी सरांकडेच राहिली. अभ्यासक्रम संक्रांतीपर्यंत संपवायचा, ही एक अट घातली गेली. सरांनी तो महाशिवरात्रीपर्यंत संपवला.

बाहेर व्हरांड्यात मी सरांना म्हणाले की एका उत्तराचे इतके मनावर घेऊ नका. ते म्हणाले, "उत्तराचं काही नाही हो मॅडम. उत्तर चुकतंच. पण मी आधी हललो. भ्यालो म्हणून हललो. आणि माझ्यामागे तुम्ही सगळे आलात."

पुढच्या तासापासून त्यांनी पद्धतीत एकच बदल केला. प्रश्न विचारून झाला की ते वर्गाकडे पाठ करून फळ्याला सामोरे उभे राहत. पावलांचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत वळत नसत. निवृत्तीपर्यंत त्यांनी हे पाळले. माझ्याही वर्गात मी ते पाळले.

या प्रसंगाला एक शेपूट आहे. दुसऱ्या दिवशी सुरेखाचे वडील नरडाण्याहून आले. पोरीने वर्गात सरांना खोटे पाडले, अशी बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. हातात टोपी घेऊन ते स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले. "सर, पोर याडी शे. बठ्ठा एक बाजूले आनि हाई एकलीच भितले टेकीसन उभी राहिनी. माफ करा. नही ते घर बठाडी देस तिले."

सर उठले, त्यांना हाताला धरून आत आणले आणि स्वतःच्या खुर्चीत बसवले. "आबा, माफी कसली मागता? काल माझा वर्ग जात होता. तुमच्या पोरीनं भिंत सोडली असती तर मी चुकीचं उत्तर पक्कं करून घरी गेलो असतो, आणि पोरं ते परीक्षेत लिहून आली असती. तिला घरी बसवलंत तर मी नरडाण्याला येऊन तुमच्या ओट्यावर बसेन." आबांना त्यातले किती पटले कोण जाणे, पण सुरेखा बारावी झाली आणि पुढे बी.एस्सी.ही झाली. आता शिंदखेड्याला तिचे बियाण्यांचे दुकान आहे. भौतिकशास्त्राशी आपला काही संबंध उरला नाही, असे ती म्हणते. मला ते पटत नाही.

सरांच्या मायेविषयीही लिहावे असे संपादकांनी सुचवले आहे. माया हा शब्द सरांना आवडणार नाही, म्हणून एक प्रसंग तेवढा सांगते. माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या आणि त्याच दिवशी माझ्याकडे प्रात्यक्षिक परीक्षा होती. घरात दुसरे कुणी नव्हते. सर म्हणाले, "तुम्ही परीक्षा घ्या, मी बसतो." संध्याकाळी मी दवाखान्यात गेले तर परिचारिका त्यांच्यावर तोंडसुख घेत होती. सलाइन हळू पडते म्हणून सरांनी बाटलीचा दांडा उंच केला होता. "उंची वाढली की दाब वाढतो," ते तिला समजावत होते. "भाऊ, मला शिकवू नका. ते हळूच सोडायचं आहे," ती म्हणाली आणि दांडा खाली केला. सासूबाई मात्र पुढे कितीतरी वर्षे सांगत असत की त्या मास्तरांनी दुपारभर मला पाणी किती खोल, दगड किती जड असल्या गोष्टी सांगितल्या आणि मला फार छान झोप लागली.

सर आता काठी घेऊन चालतात. देवपुरातल्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अजूनही एखादा प्रश्न विचारतात. मध्यंतरी त्यांनी मला विचारले की मोकळी बादली विहिरीतून वर ओढायला सोपी की भरलेली बादली पाण्यातल्या पाण्यात ओढायला सोपी. मी उत्तर दिलेले नाही. घरी जाऊन करून पाहणार आहे.

आता राहिल्या शुभेच्छा. सत्काराच्या दिवशी सरांना फळ्याकडे तोंड करून उभे करावे, अशी माझी आयोजकांना विनंती आहे. मग आपण सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न घ्यायचा. सरांचे आयुष्य, सरांची तब्येत, सरांचा हा ओट्यावरचा वर्ग वाढेल, कमी होईल, की तेवढाच राहील? मी माझ्यापुरती 'वाढेल' म्हणत खिडकीकडे उभी आहे. सुरेखाला फोन केला, तर ती म्हणाली, "मॅडम, या येळले मी भिंत सोडस." म्हणजे सगळे एकाच बाजूला असणार. त्यामुळे सरांना शंका येईल, आणि ती यायलाच हवी. त्यांनी घाई करू नये. आमच्या पावलांचा आवाज थांबला की सावकाश वळावे, काठी फळ्याला टेकवून ठेवावी आणि कुणाचा हात न धरता, त्या दिवशी भिंतीपर्यंत गेले तसे, आपल्या पायांनी चालत खिडकीपाशी आमच्यात येऊन उभे राहावे. आम्ही सगळे वाट पाहत तिथेच उभे आहोत.